ऑरेगनची पाळणाघरं

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याशी आश्लेषा कारखानीसचा जन्माने, लग्नाने किंवा नात्यागोत्याने काहीही संबंध नव्हता. ती पुण्यात वाढली, इंग्लंडमध्ये लीड्सच्या एका विद्यापीठात इतिहास शिकवू लागली, आणि दुसऱ्या महायुद्धाने ऑरेगनचं काय केलं हा विषय तिला असा काही चिकटला की सुटलाच नाही. लाकूड, गहू आणि नदीतल्या माशांवर जगणारं ते एक सुस्त राज्य होतं. युद्ध आलं, आणि पोर्टलंड शहराच्या नदीकाठी एकाएकी जहाजांचे कारखाने उभे राहिले. आगगाड्या भरभरून माणसं आली. तरी पुरेनात, तेव्हा ज्या बायकांना कालपर्यंत कारखान्याच्या फाटकात कुणी उभं केलं नसतं त्यांच्या हातात वेल्डिंगची हत्यारं आली. मग त्यांच्या मुलांचं काय, हा प्रश्न आला. जहाजांच्या मालकाने कारखान्याच्या दारातच पाळणाघरं बांधली. ती चोवीस तास उघडी असायची. मूल आजारी पडलं तर नर्स तिथेच. पाळी संपवून निघालेल्या आईला घरी न्यायला शिजवलेलं जेवण मिळायचं.

युद्ध संपलं आणि महिनाभरात या पाळणाघरांना कुलूप लागलं. बायकांनाही घरी पाठवलं.

आश्लेषाचं सगळं पुस्तक या दोन वाक्यांवर उभं होतं. ते लिहून होत आलं होतं, आणि तेवढ्यात विद्यापीठाने तिचा विभागच बंद करून टाकला. व्हाइस चान्सलरच्या ईमेलमध्ये 'रोमांचक नवं वळण' असे शब्द होते. ज्या माणसाला स्वतःच्या विद्यापीठात काय शिकवलं जातं हे माहीत नव्हतं, त्याला वळण मात्र दिसत होतं. आश्लेषाने तो ईमेल एकदाच वाचला, आणि निरोप समारंभाचा केक न कापता घरी गेली.

अशा वेळी क्षितिज देवधरचा फोन आला.

क्षितिज तिचा पुण्याच्या कॉलेजातला वर्गमित्र. परीक्षा जवळ आली की तिच्या नोट्स न्यायचा, निकाल लागला की कॉरिडॉरमध्ये तिच्याकडे पाहायचाही नाही. आता तो लंडनजवळच्या स्लाऊ गावी ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, स्विफ्टहोल्ड नावाच्या पार्सल कंपनीत 'पीपल डायरेक्टर' होता. म्हणजे माणसांचा डायरेक्टर. यंत्रांना वेगळा डायरेक्टर होता, आणि बैठकीत क्षितिज त्याच्यानंतर बोलायचा.

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं: ब्रेक्झिटनंतर पोलंड-रुमानियाची माणसं आपापल्या घरी परतली. गोदामात रात्रपाळीला कुणी मिळेना. स्लाऊमध्ये काम करायला तयार अशा बायका हव्या तेवढ्या होत्या, पण त्यांना लहान मुलं होती. क्षितिजने कुठेतरी आश्लेषाचा एक लेख वाचला आणि त्याला साक्षात्कार झाला. कंपनी आता चोवीस तासांची नर्सरी काढणार होती. त्याला त्यासाठी इतिहासकार हवी होती; आईवडिलांशी बोलायला, भिंतींवर काय लावायचं ते सुचवायला आणि उद्घाटनाला भाषण करायला.

"कन्सल्टंट मला पैशाला पासरी मिळतात," तो म्हणाला. "तू म्हणजे ऑथेंटिसिटी आहेस."

आश्लेषाला तो कॉलेजात आवडत नव्हता, आता तर त्याची कीव करण्याइतकीही आपुलकी तिला वाटली नाही. पण गेली कित्येक वर्षं ऑरेगनबद्दल ऐकून घ्यायला तिच्याकडे कुणीही आपणहून आलेलं नव्हतं. ती हो म्हणाली.

स्लाऊला ती पहिल्यांदा गेली तेव्हा क्षितिजने तिला आधी नर्सरीची इमारतच दाखवली. गोदामाच्या फाटकाला लागून ती बांधली होती, आणि तिला पाहून आश्लेषा थबकली. ती गोल होती. मधोमध मुलांचं अंगण, भोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या खोल्या. पोर्टलंडची पाळणाघरं अशीच होती. तिच्या लेखातल्या फोटोवरून त्याने आराखडा उचलला होता. पोर्टलंडच्या पोरांना खिडकीतून जहाजं दिसायची, आपली आई कुठे आहे ते समजायचं, असंही तिने लेखात लिहिलं होतं. म्हणून क्षितिजने खिडक्या गोदामाच्या बाजूला काढल्या होत्या. त्यातून मागे सरकणारे ट्रक दिसत.

तो लहान मुलासारखा खूश होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहत कौतुकाची वाट बघत होता.

तिने विचारलं, "पोर्टलंडची ती बंद कशी पडली, तेही वाचलंस ना?"

"वाचलं ना. ते तू लास्टला घे. ब्रीफली."

नंतर मुलांच्या आयांबरोबर एक बैठक झाली. वीसेक बायका आल्या होत्या; पंजाबी, गुजराती, नेपाळी, दोन सोमाली, एक मराठी. आश्लेषाने त्यांना काय हवंय ते विचारलं. त्यांनी जेवणाबद्दल विचारलं, झोपेच्या वेळांबद्दल विचारलं, आणि सगळ्यांनी कंपनीचे आभार मानले. आभार मानताना त्यांच्या चेहऱ्यावर जो उजळलेपणा होता तो आश्लेषाला सहन झाला नाही. पोर्टलंडच्या बायकाही अशाच भाबडेपणाने आत गेल्या असतील, असं तिला वाटलं, आणि तिने आपल्या मनात या बायकांना तिथेच त्या बायकांच्या शेजारी नेऊन बसवलं. मराठी बाई तेवढी आभारबिभार न मानता गप्प बसून होती. तिचं नाव सुप्रभा आवटी, मिरजेची. तिकडे ती फार्मसिस्ट होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आली. इथली पात्रता मिळवायला अभ्यास, परीक्षा आणि प्रशिक्षण असं सगळं नव्याने करावं लागणार होतं, म्हणून तोवर ती गोदामात रात्री पार्सलं लावत होती. नवरा, मिहीर, आठवड्यातले चार दिवस आपल्या नोकरीच्या कामाने बाहेरगावी. मुलगी दोन वर्षांची.

उद्घाटनाला स्थानिक खासदार आला, दोन काउन्सिलर आले, फुगे आले. कंपनीचा वरिष्ठ साहेब खास मँचेस्टरहून आला आणि त्याने "फॅमिली" हा शब्द इतक्या वेळा वापरला की शेवटी त्याचा अर्थच राहिला नाही. मग आश्लेषा उभी राहिली.

तिने ब्रीफली काहीही घेतलं नाही. तिने पाळणाघरांबद्दल सांगितलं, पण त्याआधी पोर्टलंडच्या जपानी कुटुंबांबद्दल सांगितलं. जपानशी युद्ध म्हणून त्यांना घरं-दुकानं सोडायला लावून गुरांच्या प्रदर्शनाच्या मंडपात फळ्या टाकून ठेवलं होतं. खाली शेण तसंच होतं. त्यांची शेतं ओस पडली तेव्हा पिकं काढायला मेक्सिकोतून मजूर आणले. दक्षिणेतून आलेल्या काळ्या कामगारांना जहाजं बांधायला घेतलं, पण युनियनने त्यांना वेगळ्या शाखेत टाकलं, जिथे त्यांना मतच नव्हतं. जहाजांच्या या सगळ्या कामगारांना राहायला नदीच्या सखल भागात घाईघाईने एक गाव वसवलं. युद्ध संपल्यावर बायकांना काढलं, पाळणाघरं बंद केली, आणि तीनेक वर्षांनी नदीला पूर आला. बांध सुरक्षित आहे, घाबरू नका, वेळेवर कळवू, असं अधिकाऱ्यांनी सकाळी लोकांना कळवलं होतं. दुपारी बांध फुटला आणि गाव वाहून गेलं.

"ज्या दिवसांत बायकांची गरज होती त्या दिवसांत कंपनीने त्यांची मुलं आपली मानली," असं म्हणून तिने शेवट केला. "दिवस बदलले तशी ती पुन्हा बायकांची झाली."

भरपूर टाळ्या पडल्या. खासदाराने तिचा हात हातात घेऊन सांगितलं की हे फारच प्रेरणादायी होतं. एक काउन्सिलर म्हणाली की तिची आजीसुद्धा युद्धात कारखान्यात होती आणि किती मजा असायची. पुराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. समोशांच्या टेबलाभोवती स्लाऊ-वेम्बलीकडची मराठी मंडळी जमली होती, क्षितिजने मुद्दाम बोलावलेली. त्यातल्या एका निवृत्त डॉक्टरांनी आश्लेषाला विचारलं की ऑरेगनला जायचं तर सीझन कोणता चांगला.

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिथे सुप्रभा आली.

"शेवटचं जे बोललात ते कुणी ऐकलं नाही," ती म्हणाली.

"तुम्ही ऐकलंत."

"म्हणूनच विचारते. लढाई किती वर्षं चालली होती?"

"अमेरिकेची? चारेक वर्षं."

"मला दोन पुरतील," सुप्रभा म्हणाली, आणि मुलीला शोधायला अंगणात गेली.

आश्लेषाला ते उत्तर आवडलं नाही. एवढी सगळी हकीकत ऐकून या बाईने त्यातून फक्त स्वतःपुरती मुदत काढून घेतली, असं तिला वाटलं. ही मूर्ख नव्हती, इतकंच. बाकी काही विशेष नव्हतं.

पंधरवड्याने काही कामासाठी ती पुन्हा स्लाऊला गेली तेव्हा नर्सरीच्या दर्शनी भिंतीवर तिचं वाक्य होतं. हातभर उंच निळ्या अक्षरांत: 'कंपनीने त्यांची मुलं आपली मानली. — डॉ. आश्लेषा कारखानीस, इतिहासकार.' पुढचा-मागचा भाग नव्हता. ती तशीच क्षितिजकडे गेली. तो तिला चहा देत म्हणाला की वाक्य फार लांब होतं, डिझायनरने क्रिस्प केलं. ती म्हणाली, काढ. तो म्हणाला की ते स्टिकरचं काम आहे, खरवडलं तर रंग निघतो, पुढच्या रिफ्रेशला, म्हणजे नव्या रंगकामाला, बघू. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं की वाक्य कापल्याने काय बिघडलं. आश्लेषाला त्याचा राग येण्यासारखं काही उरलं नाही; पायाला लागलेल्या चिखलाबद्दल वाटतं तसं तिला त्याच्याबद्दल वाटलं. तिने काम सोडलं आणि लीड्सला परतली.

त्यानंतरचं दीड वर्ष तिने शाळेच्या शेवटच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासमध्ये मुलांना युद्धाची कारणं शिकवण्यात घालवलं. पुस्तक पूर्ण झालं नाही. शेवटच्या प्रकरणात बायका पाळणाघरातून मुलांना घेऊन बाहेर पडतात, तिथे ती दर वेळी अडकायची. त्या फसवल्या गेल्या, एवढं लिहून झाल्यावर पुढे काय लिहायचं ते तिला सुचत नव्हतं.

मग पुन्हा क्षितिजचा फोन आला. आवाज तितकाच गोड होता.

गोदामात आता यंत्रं बसली होती. रात्रपाळीत पार्सलं लावायला माणसं लागणार नव्हती. त्यामुळे नर्सरी चार आठवड्यांत बंद होत होती. आयांना कळवलं होतं; "थोडा इमोशनल रिस्पॉन्स" आला होता. एका स्थानिक वर्तमानपत्राने चौकशी सुरू केली होती. तर, क्षितिज म्हणाला, ऑरेगनमध्ये हे कसं हँडल केलं? म्हणजे, बंद करताना. काहीतरी एक ग्रेसफुल वाक्य हवं होतं, इतिहासाच्या बाजूने.

आश्लेषा म्हणाली, "ऑरेगनमध्ये कुणी वाक्यंबिक्यं केली नाहीत. सरळ कुलूप लावलं."

"एक्झॅक्टली. म्हणूनच आपल्याला बेटर करायचंय."

तिने फोन ठेवला. पण दोन दिवसांनी ती स्लाऊला गेली, त्याच्यासाठी नाही, आयांसाठी. त्यांना एकत्र करायचं, कंपनीच्या फाटकात उभं करायचं, वर्तमानपत्राला बोलवायचं, असं तिने ठरवलं होतं. भाषण तिच्या डोक्यात तयार होतं. पोर्टलंडच्या बायकांनी जे केलं नाही ते तुम्ही करा, अशी त्याची सुरुवात होती. सुप्रभाचा नंबर तिने क्षितिजच्या जुन्या मेसेजमधून शोधला, आणि सुप्रभाने कळवलं की मंगळवारी दुपारी लायब्ररीतल्या एका खोलीत सगळ्या भेटताहेत, या.

खोलीत पंधराएक बायका होत्या. नर्सरीची मॅनेजर जसविंदरही होती, स्लाऊमध्येच जन्मलेली, मोठ्या आवाजाची बाई. आश्लेषा भाषण करायला उभी राहिली तर सुप्रभाने तिला हाताने बसायची खूण केली; आधी जसविंदरचं संपू दे म्हणाली. जसविंदर सांगत होती की स्टेशनपलीकडच्या चर्चचा तळघरातला हॉल रिकामा आहे, पाद्री बरा माणूस आहे, दिवसाचे तास देईल, रात्रीचे नाही. नोंदणी ती स्वतःच्या नावावर करून घेईल, नर्सरीत तिच्या हाताखाली काम करणाऱ्या चार मुली तिच्यासोबत यायला तयार आहेत. अडतं ते सामानावर. पाळणे, बुटकी टेबलं, खुर्च्या, गाद्या, स्वयंपाकघराची भांडी, कपडे धुण्याचं मोठं मशीन. हे नव्याने घेणं कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं, आणि कंपनी ते सगळं भंगारात काढणार होती. जसविंदरने ते कंपनीकडे मागून पाहिलं होतं. कंपनीने सांगितलं की धोरणात बसत नाही.

आश्लेषा ऐकत राहिली. फाटकाबद्दल कुणीच बोलत नव्हतं. शेवटी तिने विचारलं की तुम्ही भांडणार नाही का? नर्सरी तुमच्या हक्काची होती.

एक नेपाळी बाई हसली. सुप्रभा हसली नाही. ती मराठीत म्हणाली, "मॅडम, क्षितिज सरांना तुमच्याकडून वाक्य हवंय ना?"

हे आश्लेषानेच तिला फोनवर सांगितलं होतं. ती हो म्हणाली.

"मग द्या की त्यांना. बदल्यात सामान मागा."

आश्लेषाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिने स्पष्ट सांगितलं की ज्या लोकांनी एकदा आपलं वाक्य चिरून भिंतीवर लावलं, त्यांच्यासाठी आपण पुन्हा एक शब्दही लिहिणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

"तुमचं वाक्य कापलं ते आम्ही रोज पाहतोय," सुप्रभा म्हणाली. "पोरीला बोट धरून त्याच्याखालून नेते मी. तुम्हाला एकदा लागलं आणि तुम्ही लीड्सला गेलात."

"तुम्हाला त्याचा अपमान वाटला नाही कधी?"

"त्यांच्याकडून चांगुलपणाची अपेक्षा केली असती तर वाटला असता." ती शांतपणे बोलत होती, बाकीच्या बायकांना शब्द कळत नव्हते पण सगळ्या पाहत होत्या. "मी पहिल्या दिवशी ओळखलं ही माणसं काय लायकीची आहेत ते. गोल बिल्डिंग बांधली म्हणून काय झालं? त्यांना रात्री हात हवे होते. मला रात्री कुणीतरी पोरीकडे बघायला हवं होतं आणि सकाळी अभ्यासाला डोकं. त्यांनी मला वापरलं, मी त्यांना वापरलं. दोन वर्षं मिळाली असती तर बरं झालं असतं, थोडी कमी पडली. एक परीक्षा राहिलीय."

मग तिने विचारलं, "पोर्टलंडच्या त्या बायका नंतर गेल्या कुठे?"

आश्लेषाने सांगितलं. काही लाँड्रीत, काही फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यात, काही हॉटेलात वाढपी, बऱ्याचशा घरी. युद्ध चालू असतानाच विचारलं तेव्हा निम्म्याहून जास्त जणींनी सांगितलं होतं की आम्हाला पुढेही कारखान्यातच काम करायचंय.

"म्हणजे त्यांना माहीत होतं."

"काय?"

"की ठेवणार नाहीत. कुणी विचारायला आलं म्हणजे काय ते बाईला कळतं, मॅडम. आणि तुम्ही भाषणात असं बोललात जणू त्यांना शेवटच्या दिवशी धक्का बसला."

आश्लेषाला राग आला होता, आणि तो नेमका कुणाचा आहे हे ठरवता येत नव्हतं. पुढचा अर्धा तास ती कोपऱ्यात बसून राहिली, मग उठून पायी ट्रेडिंग इस्टेटकडे निघाली.

क्षितिजच्या केबिनमधून खाली गोदाम दिसत होतं. जिथे पूर्वी बायका उभ्या असत तिथे पट्टे फिरत होते आणि पिवळे हात पार्सलं उचलत होते. ती आल्याचा त्याला मनापासून आनंद झाला. तिने बसायच्या आधीच अट सांगितली. नर्सरीतलं सगळं सामान, भांडी आणि मशीनसकट, जसविंदरला द्यायचं, आणि तिच्या चार मुलींना नोटिशीच्या मुदतीतून लगेच मोकळं करायचं. मग वाक्य मिळेल.

क्षितिज म्हणाला की फॅसिलिटीजवाल्यांनी भंगाराची गाडी ठरवून टाकलीय, आता प्रोसेस...

"मग वाक्य नाही," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. कॉलेजात नोट्स मागताना पाहायचा तसं. मग त्याने फोन उचलला आणि दोन जणांशी बोलला. "कम्युनिटी डोनेशन" हा शब्द त्याला बोलता बोलताच सापडला आणि त्याचा चेहरा खुलला. फोन ठेवेपर्यंत ही कल्पना त्याची स्वतःची झाली होती.

आश्लेषाने त्याच्या टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्या उभ्या लिहिलं: 'ऑरेगनमधल्या पाळणाघरांप्रमाणेच स्विफ्टहोल्डच्या नर्सरीनेही कंपनीला तिची गरज होती तोवर उत्तम काम केलं.'

त्याने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. ती त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. कुठेतरी एखादी सुई टोचेल, निदान एक भुवई हलेल, असं तिला वाटत होतं. आयुष्यात तिने इतक्या तिरस्काराने दुसरं काही लिहिलं नव्हतं, आणि त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं.

"ब्यूटिफुल," क्षितिज म्हणाला. "किती बॅलन्स्ड आहे."

वाक्य कंपनीच्या वेबसाइटवर तसंच्या तसं आलं, तिच्या नावासकट. या वेळी कुणी कापलं नाही. वर्तमानपत्राने तेच छापलं आणि चौकशी थांबवली. लीड्सच्या तिच्या एका जुन्या सहकाऱ्याने ते वाचून तिला लिहिलं की आता तू यांच्यासाठीही लिहितेस का. त्याची स्वतःची नोकरी शाबूत होती. विभाग बंद होताना त्याने एका वाक्यानेही निषेध केला नव्हता. आश्लेषाने त्याला उत्तर पाठवलं नाही.

सामान शनिवारी हललं. जसविंदरच्या भावाने व्हॅन आणली होती. आश्लेषाही होती, ती आणि सुप्रभा दोघींनी मिळून पाळणे उचलले, जिन्याच्या वळणावर अडकले तेव्हा तिरपे केले, हॉलमध्ये नेऊन भिंतीशी लावले. हॉलला खिडक्या उंचावर होत्या आणि ओल होती. रंगाचा वास मारत होता. जसविंदर एकेक खुर्ची मोजून घेत होती आणि तुटकी निघाली की कंपनीला पंजाबीत शिव्या देत होती. सुप्रभा घामाने भिजली होती. मध्येच थांबून ती म्हणाली की तुम्ही लिहिलेलं वाचलं मी. चांगलं होतं. त्यांना कळलं नाही ना?

"नाही," आश्लेषा म्हणाली.

"कळणारच नव्हतं." तिने दुपट्ट्याने मान पुसली. "तुम्हाला वाटलं होतं कळेल. तुम्ही अजून त्यांना माणसात धरता."

पाळणाघर चालू झालं. सकाळी उघडून संध्याकाळी बंद होणारं, अर्ध्या मुलांचं. ज्या बायकांना पुन्हा रात्रीचंच काम मिळालं त्यांच्या वाट्याला यातून काही आलं नाही. त्यातल्या दोघी रात्री ऑफिसं झाडायला लागल्या. एका सोमाली बाईने मुलांना बर्मिंगहॅमला बहिणीकडे ठेवलं आणि ती महिन्यातून दोनदा जाऊन येऊ लागली. नेपाळी बाईचं पुढे काय झालं ते कुणाला कळलं नाही. तिने नंबर बदलला. सुप्रभाने उन्हाळ्यात राहिलेली परीक्षा दिली. ती पास झाली, आणि प्रशिक्षणासाठी तिला रेडिंगच्या बाजूला एका हॉस्पिटलच्या फार्मसीत जागा मिळाली. मुलगी दिवसभर जसविंदरकडेच राहायची.

दिवाळीच्या सुमारास क्षितिजचा फोन आला. माणसं कमी झाल्यावर माणसांच्या डायरेक्टरची गरज काय, हा प्रश्न मँचेस्टरच्या साहेबाला पडला होता. क्षितिजचा आवाज बसला होता. आपण कंपनीसाठी किती केलं हे तो बराच वेळ सांगत राहिला. उद्घाटनाची आठवण त्यानेच काढली. आश्लेषाने सगळं ऐकून घेतलं. तुझ्या ओळखीत काही आहे का, असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली की चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी टेबलं-खुर्च्या धुवायला माणूस हवा असतो, जसविंदरला विचार. तिने ते चेष्टेने म्हटलं नव्हतं. त्याने चेष्टाच समजून हसून घेतलं. तो तिकडे कधी फिरकला नाही.

आश्लेषाने त्या हिवाळ्यात पुस्तकाचं शेवटचं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. 'फसवणूक' हा शब्द जिथे जिथे होता तिथे ती थांबली, आणि बहुतेक ठिकाणी तो खोडला. बायकांच्या जुन्या मुलाखती तिने पुन्हा ऐकल्या. त्यात एक वेल्डर होती. पाळणाघरातून मिळणारं जेवण ती घरी न नेता शेजारणीला द्यायची, आणि त्याच्या बदल्यात शेजारीण तिला शिवणकाम शिकवायची, पुढची सोय म्हणून. ही मुलाखत आश्लेषाने आधी कितीतरी वेळा ऐकली होती. तिला ती नेहमी दयनीय वाटायची. आता ती बाई हे सांगताना मधेच हसते, ते तिला ऐकू आलं.

प्रकरण संपल्यावर तिने ते मराठीत उतरवून सुप्रभाला पाठवलं. तीन आठवडे काहीच उत्तर नव्हतं. मग एका दुपारी फार्मसीतल्या जेवणाच्या सुट्टीत सुप्रभाचा मेसेज आला. अर्धंच वाचून झालंय, तिने लिहिलं होतं, वेळ मिळत नाही. बायका बऱ्या उतरल्यात. पण तो जहाजांचा मालक फार जागा खातोय, त्याला एवढं कशाला लिहिलंय?

आश्लेषाने प्रकरण उघडलं आणि मालकाची पानं पाहिली. सतरा भरली. तिने त्यातली चौदा काढून टाकली.